मॅनेजरला आउट पंच लागत नाही

सोलापुरात होटगी रोडवरच्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मी चार वर्षे साहाय्यक व्यवस्थापक होते. रुजू झाले त्या दिवशी ज्या सूचना मिळाल्या, त्यांत एक अशी होती की व्यवस्थापकांनी सकाळी येताना हजेरीच्या यंत्रावर बोट लावावे, रात्री जाताना लावण्याची आवश्यकता नाही. दुकानातल्या बोलीत सांगायचे, तर 'मॅनेजरला आउट पंच लागत नाही'. रात्री नऊच्या सुमारास मजल्यावरच्या विक्रेत्या मुली त्या यंत्रासमोर रांगेने उभ्या राहत आणि मी शेजारी उभी राहून त्यांच्या पिशव्या तपासत असे. त्या रांगेत आपल्याला उभे राहावे लागत नाही, याचा मला तेव्हा मनापासून अभिमान वाटायचा. ती सवलत नेमकी कशासाठी होती हे समजायला नोकरी सोडल्यानंतर दीड वर्ष जावे लागले.

सध्या मी कामगार कायद्यांचे काम पाहणाऱ्या एका सल्लागारांच्या कार्यालयात हजेरीपट, पगारपत्रके आणि भविष्यनिर्वाह निधीची विवरणपत्रे तयार करते. पगारपत्रकात ओव्हरटाइमचा एक रकाना असतो. शिपाई, मदतनीस, विक्रेते यांच्या नावांपुढे त्या रकान्यात निदान शून्य तरी लिहिलेले असते, परंतु स्टोअर मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, डिपार्टमेंट मॅनेजर अशा नावांपुढे आडवी रेघ मारलेली दिसते. शून्याचा अर्थ 'या महिन्यात जादा काम झाले नाही' असा होतो आणि रेघेचा अर्थ 'यांना हा प्रश्नच लागू नाही' असा होतो. पहिल्या आठवड्यात मी ती रेघ दुसऱ्यांसाठी मारली, तेव्हा माझ्या स्वतःच्या चार वर्षांवर ती कोणीतरी अशीच मारली असेल, हे लक्षात आले आणि मग ते काही केल्या मनातून जाईना.

आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ वकिलांना आम्ही सगळे काका म्हणतो. मी त्यांना माझी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी नियुक्तिपत्र मागितले नाही. ते म्हणाले, "पद काय लिहिलंय ते नंतर बघू. आधी सांग, शटर वर गेल्यापासून तू करत काय होतीस?"

मी सांगत गेले आणि ते कागदावर लिहीत गेले. सकाळी पावणेदहाला शटर उघडायचे, सफाईवाली आली नसेल तर फरशी स्वतः पुसायची, काउंटरचे सुटे पैसे मोजायचे. दुपारी गर्दी झाली की बिलिंगला बसायचे. ट्रायल रूममधून बाहेर आलेले कपडे घड्या घालून पुन्हा हँगरला लावायचे. शनिवारी-रविवारी हे ढीग कमरेइतके होत. मालाची गाडी बहुधा दुकान बंद झाल्यावरच लागे. खोकी उतरवून घ्यायची, चलनाशी नगांची संख्या जुळवायची, प्रत्येक नगाला बारकोड चिकटवायचा आणि चोरी होऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा टॅग ठोकायचा. त्या टॅगची पिन जाड जीन्समधून जाताना हमखास बोटात शिरते. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर तिचे दोन बारीक काळे ठिपके अजून आहेत. त्यानंतर कॅश जुळवायची, दिवसाच्या विक्रीचा तक्ता वर पाठवायचा, शटर ओढायचे, कुलूप लावायचे.

"आणि मॅनेजर म्हणून काय केलंस?" काकांनी विचारले. मुलींच्या साप्ताहिक सुट्ट्या मी मांडत असे, पण ते वेळापत्रक पुण्याहून मंजूर होऊन येई. कोणाला एक दिवसाची जादा सुट्टी द्यायची, तर एरिया मॅनेजरांना विचारावे लागे. फाटक्या सदऱ्यावर दहा टक्के सवलत देण्याचा अधिकार मला नव्हता, नोकरीवर घेण्याचा आणि काढण्याचा तर नव्हताच. दर्शनी काचेतल्या पुतळ्यांना कोणते कपडे घालायचे याचेसुद्धा छायाचित्र मुख्य कार्यालयातून येत असे. किल्ल्या मात्र माझ्याकडे होत्या, आणि गल्ल्यात रक्कम कमी भरली तर सहीही माझीच असे. काकांनी कागद माझ्याकडे सरकवला. एका बाजूच्या ओळींनी पान भरले होते आणि दुसऱ्या बाजूला तीन ओळी होत्या.

मी रोज किती तास काम केले, याचा कागद दुकानात नव्हता. जाण्याची नोंदच होत नव्हती, तर तो असणार कुठून? तो आमच्या घरी होता. माझी आई तीस वर्षे विड्या वळत होती. विडी कारखान्यात हजारावर मजुरी मिळते आणि वळलेल्या विड्यांतून 'छाट' म्हणून किती बाजूला काढल्या यावरून रोज वाद होतो, त्यामुळे जे मोजता येते ते लिहून ठेवायचे, ही तिची जुनी सवय आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती दुधाचा हिशेब लिहिते. मी दुकानात लागल्यापासून प्रत्येक चौकोनात दुधाच्या आकड्याखाली दुसरा एक आकडा येऊ लागला: १०॥, १०।, ११, म्हणजे साडेदहा, सवादहा, अकरा. मी रात्री किती वाजता घरी पोचले, याची ती नोंद होती. रात्री उशिरा पोरीला रस्त्यावरून एकटीने गाडी चालवत यावे लागते या काळजीने तिने ते लिहिले होते. त्याचा पगाराशी संबंध असेल, असे तिला किंवा मला तेव्हा वाटले नव्हते.

ऑक्टोबर २०२२ चे पान मी कार्यालयात नेले. त्या महिन्याच्या २४ तारखेला लक्ष्मीपूजन होते. महिन्याभरात मी २८ दिवस कामावर होते आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात आईने सलग चार चौकोनांत ११॥ लिहिले होते. सकाळी पावणेदहापासूनचा काळ धरला, घरी येण्याची वीस मिनिटे आणि जेवणाचा एक तास वजा केला, तर एकूण ३१८ तास भरले. दिवसाला ८ तास आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर २०८ तास होतात. म्हणजे ११० तास जादा. माझा पगार तेव्हा १९,००० रुपये होता. २०८ तासांनी भागले तर तासाचा दर ९१ रुपये ३५ पैसे येतो. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे त्या एका महिन्याचा ओव्हरटाइम २०,००० रुपयांच्या वर जातो. माझ्या पूर्ण पगाराहून ती रक्कम मोठी होती.

त्याहून एक दुसरा भागाकार मला अधिक लागला. मजल्यावरच्या मुलीला १२,५०० रुपये मिळत आणि तिचे तास यंत्रावर मोजले जात असल्यामुळे ती वेळेवर घरी जाई. तिचा तासाचा दर ६० रुपये पडत होता. माझे १९,००० रुपये प्रत्यक्ष केलेल्या ३१८ तासांवर वाटले, तर माझाही दर ६० रुपयांनाच येऊन टेकत होता. नातेवाइकांत आई 'आमची पोरगी मॅनेजर आहे' असे सांगायची, स्थळांसाठी छापलेल्या परिचयपत्रात तो शब्द ठळक अक्षरांत होता, आणि तासाच्या हिशेबाने त्या शब्दाची किंमत काहीच नव्हती.

हा भागाकार माझ्या आधी एका न्यायालयानेही केला होता, हे मला काकांनी दिलेल्या वाचनात सापडले. अमेरिकेतल्या फॅमिली डॉलर या स्वस्त दुकानांच्या साखळीवर तिच्याच दुकान व्यवस्थापकांनी २००१ मध्ये अलाबामा राज्यात दावा लावला होता. तिथल्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टप्रमाणे आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी द्यावी लागते, मात्र ज्याचे मुख्य काम व्यवस्थापनाचे आहे अशा पगारदाराला त्यातून वगळता येते. कंपनीचे म्हणणे असे की हे सगळे व्यवस्थापक आहेत. साक्षीपुराव्यात निघाले ते असे की हे लोक आठवड्याला ६० ते ७० तास काम करत आणि त्यांतला ८० ते ९० टक्के वेळ फळ्यांवर माल लावणे, गाड्या उतरवणे, गल्ल्यावर बसणे, फरशा आणि स्वच्छतागृहे साफ करणे यांत जाई. दुकान कसे मांडायचे, मजुरीवर किती खर्च करायचा, हे वरून ठरत असे. न्यायालयाने त्यांचा पगार तासावर मांडून त्यांच्या हाताखालच्या साहाय्यकांच्या मजुरीशी ताडून पाहिला, तेव्हा फरक अगदी थोडा निघाला. १,४२४ व्यवस्थापकांना मिळून साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. त्यांतली निम्मी थकलेल्या ओव्हरटाइमची आणि तेवढीच नुकसानभरपाईची होती, कारण कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडला, असे ज्यूरीला आढळले होते. अपील न्यायालयाने २००८ मध्ये हा निकाल कायम केला.

हे वाचून मला आनंद झाला, पण काकांनी लगेच पुढचा कागद हातात दिला. त्याच कंपनीविरुद्ध दुसऱ्या एका अपील न्यायालयात २०११ मध्ये एक व्यवस्थापिका हरली. तीही खोकी उचलत होती आणि गल्ल्यावर बसत होती, परंतु ते करत असतानाच दुकान चालवण्याची जबाबदारी तिच्यावर होती, असे त्या न्यायालयाने मानले. काम तेच, कंपनी तीच आणि निकाल उलट. तिकडे ओव्हरटाइममधून वगळण्यासाठी पगाराची जी किमान मर्यादा आहे, ती २०२० पासून आठवड्याला ६८४ डॉलर आहे. २०२४ मध्ये ती वाढवण्याचा नियम सरकारने केला, तो टेक्सासमधल्या न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द ठरवला. मर्यादा खाली राहते तोवर थोडा पगार आणि मोठे पद देऊन तास फुकट घेणे परवडते, आणि म्हणून असे दावे तिथे पुनःपुन्हा उभे राहतात.

आपल्याकडचा कायदाही पदाच्या नावाला फारशी किंमत देत नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधल्या 'कामगार' या व्याख्येचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे की माणसाचे मुख्य काम काय होते ते पाहायचे, हुद्द्याचे नाव पाहायचे नाही. कॅरोना साहू या पादत्राणे विकणाऱ्या कंपनीच्या एका दुकान व्यवस्थापकाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढचे, १९९४ चे आहे. त्यातही न्यायालयाने हीच कसोटी सांगितली, आणि त्याच कसोटीवर तो हरला. दुकान प्रत्यक्षात त्याच्या ताब्यात होते आणि त्याची मुख्य कामे व्यवस्थापनाची होती, असे ठरले. मला हा निकाल अन्यायाचा वाटत नाही. ज्याच्या हाती खरोखर कारभार आहे, त्याने तास मोजून मागू नयेत हे मला मान्य आहे. नव्या पेठेत किंवा चाटी गल्लीत मालक स्वतः रात्री साडेदहापर्यंत गादीवर बसतो, तेव्हा दुकान त्याचे असते, नफा त्याचा असतो आणि उद्या उशिरा उघडायचे की नाही हेही तोच ठरवतो. माझ्याकडे यांतले काय होते? एक किल्ली.

पगाराच्या मर्यादेची गुंतागुंत इथेही आहे. देखरेखीचे काम करणारा माणूस महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक मिळवत असेल, तर तो जुन्या कायद्याच्या व्याख्येबाहेर जात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० रुपये आहे. माझे १९,००० दोन्हींच्या वर जातात. त्यामुळे मी 'देखरेख करत होते' असे एकदा मान्य केले की माझा प्रश्न तिथेच संपतो, आणि 'माझे मुख्य काम हाताचे होते' हे सिद्ध केले, तरच तो उभा राहतो. काकांनी पहिल्या दिवशी मला नेमके काय विचारले आणि का विचारले, ते मला इथे कळले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. माझ्या नोकरीच्या काळात त्यानुसार दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपुढे काम करवले, तर दुप्पट दर द्यावा लागे आणि तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा अधिक जादा काम करवता येत नसे. मी एका महिन्यात ११० केले होते. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा विश्वासाच्या पदांवरच्या माणसांना हा कायदा लागू नाही, हे खरे. पण तशा माणसांची यादी आस्थापनेने स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळ नसेल तर आस्थापनेत ठळक जागी लावली पाहिजे आणि तिची प्रत सरकारच्या सुविधाकाराकडे, म्हणजे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवली पाहिजे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. चार वर्षांत मी अशी यादी दुकानाच्या कोणत्याही भिंतीवर पाहिली नाही. महिन्याचे टार्गेट भिंतीवर होते, गेल्या वर्षीच्या विक्रीचा आलेख होता, 'ग्राहक देव आहे' असा फलकही होता. आता आमच्याकडे नवा अशील आला की मी पहिल्यांदा ही यादी मागते. यादी करायला बसले की मालकच थबकतात, कारण बावीस माणसांच्या दुकानात नऊ व्यवस्थापक लिहिताना हात अडखळतो. दोन ठिकाणी तर ती लिहितानाच चार-पाच नावे मालकांनी आपणहून खोडली आणि त्यांना ओव्हरटाइम सुरू झाला.

या कायद्यात बदल करण्यास सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दिवसाचे तास ९ वरून १०, जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ वरून १४४ आणि कायद्याची कक्षा १० ऐवजी २० कामगारांपासून, असे त्यांचे स्वरूप आहे. सोलापुरातल्या किती दुकानांत वीस माणसे असतात, याचा विचार केला की मला त्याची चिंता वाटते. उलट, वेतन संहितेतल्या काही तरतुदी उपयोगाच्या आहेत. थकलेल्या रकमेसाठी अर्ज करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि देणे दिले आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. पूर्वीच्या वेतन अदायगी कायद्यात ती मुदत बारा महिन्यांची होती. मला सगळे समजले तेव्हा माझे बारा महिने उलटून गेले होते.

मी दावा लावला नाही, आणि त्याची खंत मला आहे. मुदत गेली हे एक कारण. दुसरे असे की माझ्यासोबत रात्री खोकी उतरवणारे तिघे अजून तिथेच नोकरीला आहेत आणि त्यांना साक्षीला उभे करायला माझे मन धजले नाही. अमेरिकेत एका दाव्यात शेकडो जण लेखी संमती देऊन सामील होऊ शकतात, त्यामुळे कोणा एकावर सगळा रोष येत नाही. इथेही कायद्याने एकत्र अर्ज करता येतो, पण त्यासाठी एकत्र यावे लागते. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते; मिलचा भोंगा झाला की पाळी सुटल्याचे सगळ्या गावाला कळायचे आणि फाटकाबाहेर येणारी हजारो माणसे एकमेकांना ओळखायची. विडी कामगार बायकांच्या संघटनेनेही या शहरात आपली ताकद दाखवली आहे. विजापूर रोडवरच्या दुकानातला असिस्टंट मॅनेजर मात्र सात रस्त्यावरच्या दुकानातल्या असिस्टंट मॅनेजरला ओळखत नाही, आणि आपण कामगार आहोत असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही. मलाही वाटत नव्हते.

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या एका दुकानातला पंचविशीचा एक मुलगा कार्यालयात आला. त्याला भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे होते, बहिणीच्या लग्नासाठी. पद विचारले तर 'डेप्युटी स्टोअर मॅनेजर' म्हणाला. अर्ज भरता भरता मी त्याला विचारले की जाताना बोट लावता का. तो म्हणाला, "नाही ताई, मॅनेजरला आउट पंच लागत नाही." तेच वाक्य, शब्दही तेच.

मी विचारले की मग दुकान बंद झाले हे वर कसे कळवता. तो म्हणाला, "शटरचा फोटो टाकावा लागतो की ग्रुपवर." आमच्याकडेही ही पद्धत होती. रात्री कुलूप लावले की शटरचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचे, एरिया मॅनेजर त्यावर अंगठा दाखवायचे आणि मगच घरी निघायचे. चार वर्षे रोज मी तो फोटो टाकला होता. राजीनामा दिला त्या दिवशी मला गटातून काढले, पुढे फोनही बदलला, आणि ती सगळी छायाचित्रे गेली. प्रत्येकावर वेळ होती. यंत्रावर माझी वेळ नोंदवायची नाही असे ठरले होते आणि तीच वेळ मी स्वतःच्या हाताने रोज त्यांना पाठवत होते, हे त्या मुलाच्या तोंडून 'शटरचा फोटो' ऐकेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्याला मी समोर बसवले आणि तो गट उघडायला सांगितला. दावा करायचा की नाही हे त्याने ठरवायचे आहे, ते मी त्याला स्पष्ट सांगितले. आज फक्त नोंद करून ठेवायची. कोऱ्या कागदावर मी तारखांचे चौकोन आखून दिले. तो फोनवर बोटाने मागे मागे जात राहिला, राखाडी शटर, तेच कुलूप, खाली वेळ, पुन्हा राखाडी शटर. महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत पोचल्यावर त्याने पेन घेतले आणि पहिल्या चौकोनात लिहिले, १०:५२.